३५ वर्षांचा वड म्हणून बिनमुळांचा ओंडका विकला, माझे २४,२०० रुपये गेले

लिहायची लाज वाटतेय, पण त्या माणसाच्या जाहिराती अजून सुरूच आहेत म्हणून लिहितेय. आणि कुणी बोलायच्या आधीच सांगते, मी नवखी नाहीये. सहा वर्षं गच्चीवर बोनसाय करतेय, उंबर, पिंपळ, नांद्रुक सगळं स्वतः छाटून वाढवलंय. पण बाबांची पंचाहत्तरी होती, त्यांना पारावरच्या वडाची फार ओढ, आणि तसा जाड बुंधा कुंडीत तयार व्हायला कित्येक वर्षं जातात, ती मी कुठून आणणार? म्हणून तयार झाड घेतलं.

झाडाचे १८,५००. पॅकिंग आणि टेम्पोचे २,२००. "ताई, पहिली छाटणी आणि वायरिंग आमचा माणूस घरी येऊन करून देईल" (वायरिंग म्हणजे फांद्यांना तार गुंडाळून वळण देणं) याचे ३,५०० ॲडव्हान्स, तो माणूस आजपर्यंत आलेला नाही. सगळं यूपीआयने, तीन वेगवेगळ्या नंबरांवर. बिल नाही. बिल नाही म्हटलं की तिथेच थांबा.

आता जे आठवून अजून झोप लागत नाही ते सांगते. पैसे द्यायच्या आधी व्हिडिओ कॉलवर मीच त्याला म्हटलं की उजवीकडची फांदी जरा आखूड करा. त्याने कात्री लावली, फांदी कापली आणि चीक आलाच नाही. वडाचं साधं पान तोडलं तरी पांढरा चीक ओघळतो हो! झाडात पाण्याचा दाब असेल तर चीक वाहतो, मुळंच नसलेल्या खोडात तो दाब येणार कुठून. कोरडा काप मी डोळ्यांनी बघितला, विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "ताई, झाड रेस्टमधे आहे." आणि मी गप्प बसले कारण पंचाहत्तरीला नऊच दिवस राहिले होते.

झाड आल्यावर त्याचा मेसेज, सगळी पानं काढून टाका, नवी पानं लहान येतात. पानं काढली की लहान येतात हे खरंच आहे, म्हणून तर मी फसले. पण ते जोमात वाढणाऱ्या झाडाला करतात, नुकतं हललेल्या झाडाला कधीच नाही. पानं नसली की झाड मरतंय हे दिसत नाही, आणि वर दोष आपल्यावर ढकलता येतो. पंधरा दिवसांनी पालवी फुटली, मी आनंदाने स्टेटसला फोटो टाकला. ती पालवी खोडात साठलेल्या अन्नावर आली होती. दोन महिन्यांत सगळं काळं पडलं. उपटून बघितलं तर खाली करवतीचा सपाट काप, एकही मूळ नाही, आंबूस वास. पारंब्या भोकं पाडून चिकटवलेल्या आणि वरून शेवाळ. वडाची जाड फांदी लावली तर मुळं फुटतात, पण त्याला महिने द्यावे लागतात, याला तेवढाही धीर नव्हता.

झाड हातात आलं की बुंधा धरून हलकेच हलवा, डुलला तर घेऊ नका. शेवाळ उचकटून बघा, विकणारा नको म्हणाला तर नक्कीच बघा.

पोलीस ठाण्यात ओंडका पिशवीत घालून घेऊन गेले. "माल मिळाला ना मॅडम, मग फसवणूक कसली, पाणी कमी पडलं असेल." मला सांगतात पाणी कमी पडलं! तिथून सायबर पोलिसांकडे पाठवलं, सायबरवाले म्हणाले ही दिवाणी बाब आहे, परत ठाण्यात जा. ठाण्यात साहेब नाहीत, उद्या या. उद्या गेले तर बंदोबस्त. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलाय. चार खेटे घातले, दोन रजा गेल्या, साधी पोच मिळाली नाही, आणि त्याच आठवड्यात त्याने तोच फोटो टाकून दुसरा "३५ वर्षांचा वड" विकायला काढला.

पैसे जाताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी दोन महिने थांबले तसं थांबू नका. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षं, तिथे तक्रारीची तयारी करतेय. वकिलांनी पुरावा मागितलाय. बिल नाहीच, त्या कॉलचा एक स्क्रीनशॉट आहे, बाबांना दाखवायला काढलेला. त्यात त्या फांदीचा कोरडा काप स्पष्ट दिसतोय.