डोळ्यावरचा कॅमेरा की छातीवरचा?

भाचा आषाढात पन्हाळा ते पावनखिंड चालणार आहे. "मामा, रे-बॅन मेटा चष्मा घेऊ की गोप्रो हिरो १२?" असं त्यानं विचारलं, म्हणून फ्रेममध्ये कॅमेरा असलेला हा चष्मा आणि छातीवर पट्ट्यानं बांधलेला गोप्रोचा छोटा कॅमेरा, दोन्ही आठवडाभर वापरून बघितले.

चष्म्याची पहिली मजा मिसळीच्या टेबलावर आली. एका हातात पाव, दुसऱ्यात चमचा, कटाची वाफ वर येतेय, आणि मला जे दिसतंय तेच टिपलं जातंय. समोरचा माणूस अवघडत नाही, मोकळा बोलतो. म्हणूनच आधी विचारून घ्यावं. टिपताना फ्रेमवर पांढरा दिवा लागतो, पण तो सगळ्यांच्या लक्षात येतोच असं नाही.

छातीवरच्या पट्ट्याचं तसं नाही. रंकाळ्यावर चार जण वळून बघतात, चालताना पट्टा सैल पडला की नुसते बूट दिसतात.

पण पाऊस? तिथं तुलनाच संपते. गोप्रो १० मीटर पाण्यात चालतो, चष्मा फक्त शिंतोडे सोसतो. गोप्रोची बॅटरी आणि कार्ड बदलता येतं. चष्म्यात साठवायला ३२ जीबी, तेवढंच, आणि व्हिडिओ उभा. किंमत म्हणाल तर चष्मा भारतात २९,९०० रुपयांपासून आला. गोप्रोला पट्टा, कार्ड, जादा बॅटरी धरूनच हिशेब करा.

भाच्याला गोप्रोच घ्यायला सांगितलं. घरात रांगणारं बाळ असेल, आजीच्या हातचा तांबडा रस्सा शिकायचा असेल, तर मात्र चष्मा घ्या.