पूरक उबेसाठी विजेचा रेडिएटर घ्यावा की दुसरे काही?

घर उबदार ठेवणारी मुख्य यंत्रणा बंद पडली किंवा कडाक्याच्या थंडीत अपुरी पडू लागली, तर हाताशी काय असावे, हे थंडी सुरू होण्यापूर्वीच ठरवलेले बरे. विजेचा रेडिएटर हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय वाटतो आणि बऱ्याच घरांसाठी तो योग्यही आहे. मात्र आपली तयारी नेमक्या कोणत्या अडचणीसाठी आहे, हे आधी स्पष्ट हवे. अडचण बॉयलर, म्हणजे पाणी तापवून घरभर ऊब पुरवणारी मुख्य यंत्रणा, नादुरुस्त होण्याची असेल तर रेडिएटर उपयोगी पडेल. वीज वारंवार आणि दीर्घकाळ जात असेल, तर तो गरजेच्या वेळीच निरुपयोगी ठरेल. अशा वेळी गॅसचा बॉयलरही बहुधा बंदच राहतो, कारण त्याचा पंप आणि नियंत्रक विजेवरच चालतात. घरातला इन्व्हर्टर रेडिएटर चालवील, ही अपेक्षाही फोल आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट वीज मावते. १५०० वॅटचा रेडिएटर ती सव्वा तासाच्या आतच संपवील, आणि मुळात घरगुती इन्व्हर्टरची क्षमता अनेकदा एवढा भार उचलण्याइतकी नसतेच.

वीज खात्रीची असेल, तर पुढची तुलना बिलापासून सुरू होते, आणि इथेच ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूल होते. तेल भरलेला रेडिएटर, कन्व्हेक्टर (पंख्याविना हवा तापवून खोलीत फिरवणारा हीटर), पंख्याचा हीटर आणि लालभडक होणारा क्वार्ट्‌झ हीटर ही सारी उपकरणे विजेचे जवळजवळ संपूर्ण रूपांतर उष्णतेत करतात. त्यामुळे १५०० वॅटचे कोणतेही उपकरण पूर्ण भाराने एक तास चालवले, तर दीड युनिट जळते आणि तेवढीच उष्णता मिळते. ‘कमी विजेत जास्त ऊब’ असा दावा यांपैकी कोणाविषयीही केला, तरी त्यावर विश्वास ठेवू नये. फरक आहे तो उष्णता आपल्यापर्यंत कशी पोहोचते यात.

तेल भरलेला रेडिएटर तापायला वेळ घेतो. खोलीत फरक जाणवायला अर्धा तास सहज लागतो. पण बंद केल्यावरही तो बराच वेळ उबदार राहतो, आवाज करत नाही आणि त्याचा पृष्ठभाग लालबुंद होत नाही, म्हणून निजण्याच्या खोलीत रात्रभराच्या उबेसाठी माझी पसंती त्यालाच आहे. त्यातले तेल जळत नाही आणि कधी बदलावेही लागत नाही. कन्व्हेक्टर हलका असतो आणि हवा लवकर तापवतो, मात्र छत उंच असेल तर गरम हवा वरच साचते. पंख्याचा हीटर सर्वांत झटपट, पण त्याची घरघर रात्री नकोशी होते. क्वार्ट्‌झ हीटर हवेऐवजी समोरच्या माणसाला तापवतो. थोडा वेळ एका जागी बसून काम करायचे असेल तर तो उत्तम. पडदे, अंथरूण किंवा लहान मुले जवळ असतील तर टाळावा.

या साऱ्यांहून वेगळा पर्याय म्हणजे गरम हवाही देणारा एसी, अर्थात हीट पंप. तो उष्णता निर्माण करण्याऐवजी बाहेरच्या हवेतून आत आणतो, त्यामुळे सौम्य थंडीत एका युनिट विजेच्या मोबदल्यात सुमारे तीन युनिट उष्णता देऊ शकतो. बाहेरचे तापमान घसरते, तसा हा लाभ कमी होतो. खरेदी आणि बसवणी रेडिएटरपेक्षा बरीच महाग असल्यामुळे वर्षातल्या मोजक्या दिवसांसाठी तो परवडत नाही. रोज काही तास ऊब लागणार असेल, तर मात्र रेडिएटर हीच महागडी निवड ठरते. केरोसीन किंवा गॅसचा सुटा हीटर विजेविना चालतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो, म्हणून पुरेशी हवा खेळती ठेवणे आणि हा विषारी वायू साचल्यास इशारा देणारे सूचक यंत्र बसवणे शक्य नसेल, तर तो घेऊच नये.

रेडिएटर घ्यायचे ठरलेच, तर क्षमतेचा ढोबळ अंदाज म्हणून दर चौरस मीटरला १०० वॅट धरावेत. १२ चौरस मीटरच्या खोलीला १२०० वॅट पुरतील. भिंती गार आणि खिडक्या फटीच्या असतील तर अधिक लागतील. २३० व्होल्टवर २००० वॅटचा रेडिएटर जवळपास ९ अँपिअर प्रवाह ओढतो. तो तासन्‌तास सुरू राहतो, म्हणून त्याला थेट भिंतीतला, अर्थिंग असलेला जड भाराचा सॉकेटच हवा. एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही. असे तीन रेडिएटर एकाच वेळी लावले तर प्रवाह २६ अँपिअरवर जातो. एवढा भार घरची वायरिंग आणि एमसीबी (भार वाढल्यास वीज तोडणारा स्विच) पेलतील का, हे खरेदीपूर्वीच वायरमनकडून तपासून घ्यावे. उत्तर नकारार्थी आले, तर एकच रेडिएटर घेऊन थंडीच्या दिवसांत सर्वांनी एका खोलीत निजण्याची सोय करणे अधिक सुरक्षित आहे.