नेहमीचा दवाखाना की वेगळं शिबिर?

साथ आली की लस नि तपासणी सगळ्यांनाच हवी. तृतीयपंथी, समलिंगी, इंटरसेक्स (जन्मतः शरीर ठरावीक बाई किंवा पुरुषाच्या साच्यात न बसणारी) माणसांना ती मुंबईत कुठे द्यायची, नेहमीच्या दवाखान्यात की फक्त त्यांच्यासाठीच्या शिबिरात, यावर दोन मतं आहेत.

पालिकेचा दवाखाना घराजवळ असतो आणि तिथे गेल्याने कुणाचं काही उघड होत नाही. अडतं ते खिडकीवर. आधारवरचं 'संतोष' मोठ्यानं पुकारतात, साडीतली बाई पुढे होते, अख्खी रांग माना वळवते. दुसऱ्या डोसला ती येईल कशाला? २०२१ मध्ये कोविनवर, म्हणजे कोविड लसीच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर, लिंगासाठी 'इतर' हा पर्याय होता. तो खिडकीवर कसा कामी येणार?

शिबिरात हे टळतं. १९९४ पासून इथे या समाजासाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थेवर लोकांचा भरवसा असतो. पण आपण समलिंगी आहोत हे घरी न सांगितलेला मुलगा तिथे दिसायलाच घाबरतो. आणि इंटरसेक्स व्यक्ती? २०१९च्या तृतीयपंथी हक्क कायद्याने त्यांना 'ट्रान्सजेंडर'च्या व्याख्येत बसवलं (सोयीचं, पण कुणाच्या?). त्यातले कित्येक स्वतःला फक्त बाई किंवा पुरुषच मानतात. ते शिबिराकडे फिरकणारही नाहीत.

घाई असेल तर शिबिर घ्यावं. माझा कौल मात्र दवाखान्याला: नावाऐवजी टोकन नंबर पुकारायला फारसा खर्चही येत नाही.