एचडीआर फोटो जेपेगमध्ये आणताना मागचा ब्लर वाचवायचा असेल तर कुठली पद्धत?

त्रिपुरी पौर्णिमेला देवळाच्या पायरीवर बहिणीला उभं केलं, मागे दीपमाळ, ८५ एमएमची लेन्स, एफ १.८, आणि दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन फोटो. मागचे दिवे असले भारी गोल सोनेरी आले होते की कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघूनच खूश झालो. घरी येऊन तिन्ही मर्ज करून एचडीआर (गडद अंधार ते झगझगीत उजेड सगळं धरणारी फाइल) केली, सॉफ्टवेअरमधला तयार प्रिसेट मारला आणि सगळी वाट लागली. गोळ्यांमध्ये कापलेल्या कांद्यासारख्या रिंगा, बहिणीच्या केसांभोवती पांढुरकी कड, आणि जिथे मस्त काळोख होता तिथे राखाडी धूर!

दोष त्या लोकल टोन मॅपिंगचा (टोन मॅपिंग म्हणजे एचडीआरचा प्रचंड उजेड साध्या फोटोत बसवणं). त्यात प्रत्येक पिक्सेलच्या आजूबाजूला बघून तिथला कॉन्ट्रास्ट वाढवतात, म्हणजे डिटेल शोधणं हेच त्याचं काम, आणि ब्लरमध्ये डिटेल नसतंच, मग ते जे सापडेल ते उकरून काढतं, नॉइज म्हणा, अ‍ॅस्फेरिकल लेन्सच्या काचेवरच्या घासकामाच्या बारीक रिंगा म्हणा. वाड्याची अंधारी ओसरी आणि दाराबाहेरचं कडक ऊन एकाच फोटोत घ्यायचं असेल, सगळं फोकसमध्ये असेल, तर हीच पद्धत बेस्ट. पोर्ट्रेटला मात्र हात जोडून नको.

दुसरा पर्याय एक्स्पोजर फ्युजन. २००७ मध्ये मर्टेन्स आणि मंडळींनी मांडलेली पद्धत, एन्फ्यूज नावाचं फुकट टूल त्यावरच चालतं. यात मधे एचडीआर फाइल बनतच नाही, प्रत्येक फ्रेममधला नीट उजेडाचा भाग घेऊन थेट फोटो जुळवला जातो. ब्लर बऱ्यापैकी मऊ राहतो, रंगही नैसर्गिक दिसतात. पण वेगवेगळ्या फ्रेम हातात पाहिजेत, आधीच तयार झालेली एकच एचडीआर फाइल असेल तर याचा थेट उपयोग नाही, आधी तिच्यातून वेगवेगळ्या उजेडाच्या फ्रेम काढाव्या लागतात. शिवाय ज्योत हलते ना, त्यामुळे एकाच दिव्याचे दोन गोळे एकमेकांवर चढलेले दिसतात (हा घोळ मर्जमध्येही होतो, तिथे निदान डीघोस्ट, म्हणजे अशी हललेली दुहेरी प्रतिमा काढायची सोय, असतं). आणि ब्रॅकेटिंग (कमी-जास्त उजेडाचे असे फोटो घेणं) करताना फक्त शटर बदला, फोकस मॅन्युअलवर ठेवा. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) बदललं की गोळ्याचा आकारच बदलतो, मग कुठलंच सॉफ्टवेअर कामाचं नाही.

माझं मत ग्लोबल कर्व्हला. सगळ्या फोटोला एकच कर्व्ह (कुठला उजेड किती करायचा याचा नियम), शेजारी कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. राइनहार्डचा २००२ चा साधा फॉर्म्युला बघा, उजेड भागिले (एक अधिक उजेड). म्हणजे १ चा ०.५ होतो, ९ चा ०.९, ९९ चा ०.९९. जास्त उजळ ते जास्त उजळच राहतं, एकदम पांढरं फटक होत नाही, कडेला हॅलो (तीच केसांभोवतीची पांढुरकी कड) यायचा प्रश्नच नाही. तोटा एकच, चेहरा जरा सपाट वाटतो. त्याला उपाय म्हणजे सब्जेक्टचा मास्क करून (म्हणजे माणूस वेगळा निवडून) क्लॅरिटी, म्हणजे बारीक कॉन्ट्रास्ट, फक्त माणसाला द्यायची, मागे शून्य, मी तर मागे मायनस १० पण करतो. एक लक्षात ठेवा, सगळ्यात कमी एक्स्पोजरच्या फ्रेममध्येही दिवा क्लिप झालेला (पार पांढरा होऊन रंग गेलेला) असेल तर कर्व्हने खाली ओढल्यावर तो सोनेरी होणार नाही, राखाडी ताटली होईल.

मग गेन मॅप आहेच, अँड्रॉइड १४ पासून, म्हणजे २०२३ पासून, अल्ट्रा एचडीआर नावाने आलेला. जेपेगमध्येच साधा फोटो आणि सोबत कुठे किती उजेड वाढवायचा त्याचा नकाशा. चांगल्या स्क्रीनवर दिवे खरंच पेटल्यासारखे दिसतात, जुन्या फोनवर साधा फोटो दिसतो. म्हणजे साधा फोटो आधी नीट बनवावा लागतोच, ते काम चुकत नाही. पाठवताना अ‍ॅपने फोटो परत कॉम्प्रेस केला तर नकाशा उडू शकतो, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ब्लर लेन्सचा नसून नंतर सॉफ्टवेअरने टाकायचा असेल तर तो टोन मॅपिंगच्या आधी टाका. ज्योत भिंतीपेक्षा पन्नास पट उजळ असते तोवर ब्लर केलं तर झळाळता गोळा मिळतो, आधी तिला २५५ वर (जेपेगमधला सगळ्यात मोठा आकडा) दाबलीत आणि मग पसरवलीत तर नुसता मळकट डाग. फोनच्या पोर्ट्रेट फोटोतही एफ नंबर (ब्लर किती ते) कन्व्हर्ट करायच्या आधीच ठरवा, बहुतेक कन्व्हर्टर डेप्थची (काय किती लांब आहे त्याची) माहिती टाकून देतात.

शेवटपर्यंत १६ बिटमध्येच राहा. ८ बिटला एका रंगाच्या २५६च पायऱ्या, मऊ निळसर अंधारात त्या पट्ट्या लगेच दिसतात. एक्स्पोर्टच्या आधी किंचित ग्रेन टाकला की त्या मोडतात, जेपेगची क्वालिटी ९० च्या खाली नको.

बहिणीचा फोटो शेवटी ग्लोबल कर्व्ह आणि मास्कनेच केला. ती म्हणाली, दिवे छान आलेत पण माझे डोळे मिटलेत.