कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं मुलांच्या सर्जनचं क्लिनिक: ताटकळावं लागतंय पण तपासणी नादखुळा

चारचाकी नेऊ नका, गल्लीत लावायला जागाच नाही, आणि सहाची अपॉइंटमेंट म्हणजे नंबर आठला लागणार असं धरूनच जावा. तरी चार स्टार देतोय ते फक्त डॉक्टरांच्या हातासाठी.

आमचं पोरगं सहा वर्षांचं, पेठेतलं म्हटल्यावर फुटबॉलचं वेड आलंच, जोरात किक मारली की बेंबीच्या खाली डाव्या अंगाला दुखतंय म्हणायचं, कधी बारीक फुगवटा दिसायचा आणि आडवं केलं की गायब. दुसरीकडं सोनोग्राफी झालेली, ती झोपवून केली आणि नॉर्मल आली, मग काय, जंताचं औषध झालं, गॅसचं झालं. इथं डॉक्टरांनी त्याला उभाच ठेवला, हातात फुगा दिला, फुगव म्हणाले आणि दुखतंय तिथं बोटं ठेवून बघत राहिले. खालच्या गोट्या दोन्ही जागेवर आहेत का तेपण तपासलं, मी विचारलं पोटाचा नि त्याचा काय संबंध, तर म्हणाले या प्रकारात मुलग्यांची त्याच बाजूची गोटी कधी कधी खाली उतरलेलीच नसते. मग सोनोग्राफीपण उभं करून, फुगा फुगवतानाच करायला लावली आणि भोक सापडलं. स्पिगेलियन हर्निया. पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूच्या कडेला आतले थर फाटलेले असतात पण सगळ्यात वरचा थर शाबूत, त्यामुळं आतून आलेलं थरांच्या मध्येच दडून बसतंय, बाहेर गाठ धड दिसतच नाही. मुलांच्यात हा फार क्वचित सापडतो म्हणे. भोक अरुंद, आतडं अडकायची भीती, म्हणून पट्टा-बिट्टा काही नाही, ऑपरेशनच.

बाहेर एक ताई बाळाच्या बेंबीवर रुपया बांधून बसलेल्या, सासूबाईंचा उपाय! त्यांना डॉक्टरांनी सांगितलं की नाणं काढा, उपयोग नाही, कातडी खराब होईल, बाळांचा बेंबीचा हर्निया बहुतेक वेळा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप मिटतो. म्हणजे उगं सगळ्यांनाच कापायला बसलेले नाहीत.

आमचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तोवर गाठ कडक झाली, आत जाईना किंवा हिरवी उलटी झाली तर लगेच आणा, रात्र असली तरी, असं बजावलंय. आता एवढं सांगताय तर रिसेप्शनचा फोन तरी उचलत जावा की राव, रिंग वाजून वाजून बंद होते.