नाशिकची वाइनरी टूर : जागा झकास, पण ते 'हार्टला चांगली' सांगणं बंद करा

गंगापूर धरणाच्या बाजूला ज्या वाइनऱ्या आहेत त्यातल्या एकीत फेब्रुवारीत घरच्या सगळ्यांना घेऊन गेलो होतो. नाव लिहीत नाहीये कारण मला कुणा एकाची तक्रार करायची नाहीये, जे खटकलं ते लोकांच्या तोंडी सगळीकडेच ऐकू येतं.

आधी चांगलं सांगतो, आणि चांगलं खूप आहे. जायचं तर जानेवारी ते मार्चमध्येच जा, तेव्हा तोडणी चालू असते आणि वेलीवरचे घड बघायला मिळतात. युरोपात द्राक्षं ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरला काढतात, आपल्याकडे तेव्हा पाऊस, म्हणून इथे एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि पाऊस ओसरला की गोडी छाटणी, असं वर्षातून दोनदा छाटून पीक थंडीत पिकवतात. गाइड मुलगा शेतकऱ्याच्या घरचाच वाटला, इतकं छान समजावलं त्याने. रेड वाइन लाल का तर रस सालींसकट आंबवतात म्हणून, व्हाइटला आधी रस दाबून काढतात आणि साली बाजूला, मग यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल बनतं. स्टीलच्या टाक्यांजवळचा तो आंबूस वास, बॅरल रूममधला गारवा, पोरंसुद्धा गप्प ऐकत होती. टेस्टिंगला पाच वाइन होत्या, मला शेनिन ब्लाँ ही व्हाइट सगळ्यात आवडली, पिकलेल्या पेरूसारखा वास आणि गारेगार. शिराझ ही रेड पण चांगली. खायला मात्र पिझ्झा फार महाग आणि यायला फार वेळ, त्यापेक्षा सकाळी शहरात मिसळ खाऊनच जा.

आता मुद्द्यावर येतो. टेस्टिंग चालू असताना त्याच मुलाने माझ्या मामांना सांगितलं, "सर, रोज रात्री जेवताना एक ग्लास रेड घ्या, हार्टला एकदम बेस्ट, फ्रान्समध्ये सगळे घेतात." आणि वहिनीला म्हणाला स्किन ग्लो करते. मामांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट पडलाय, बीपीची गोळी चालू, अ‍ॅस्पिरिन चालू, आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. त्यांनी शॉपमधून सहा बाटल्यांचा बॉक्स घेतला. गाडीत मी म्हटलं मामा हे कशाला, तर म्हणे "अरे पिणार थोडीच आहे, औषधासारखी घ्यायची." मी म्हटलं, मामा, औषध असतं तर तुमच्या डॉक्टरांनीच लिहून नसतं का दिलं?

मी फार्मसीच्या लाइनमध्ये आहे त्यामुळे हे ऐकून गप्प बसवत नाही. ही फ्रान्सची गोष्ट १९९१-९२ ची. तिकडचे लोक लोणी-चीज भरपूर खातात तरी हार्टचे पेशंट कमी, तर ते रेड वाइनमुळे असेल असं टीव्हीवर आलं आणि अमेरिकेत रेड वाइनचा खप धडाधड वाढला. मग द्राक्षाच्या सालीतल्या रेस्वेराट्रॉल नावाच्या घटकाचं नाव आलं. पण एक लिटर रेड वाइनमध्ये ते साधारण काही मिलिग्रॅमच असतं, आणि माणसांवरच्या प्रयोगांत गोळीतून शेकडो मिलिग्रॅम देऊन बघितलंय, म्हणजे तेवढं वाइनमधून घ्यायचं तर माणूस आधी लिव्हरने जाईल. आणि ते सालीत असतं तर काळी द्राक्षं खा ना, नाशिकला काय कमी आहेत का!

थोडी पिणारे जास्त जगतात असं जुन्या अभ्यासांत दिसायचं हे खरंय. पण त्यात 'न पिणारे' म्हणून मोजलेल्यांत असे पण लोक होते ज्यांनी आजारी पडल्यावर दारू सोडलेली, मग ते कमी जगणारच. आणि रोज मोजून एक ग्लास वाइन घेणारा माणूस बहुतेक वेळा पैशाने बरा असतो, चांगलं खातो, चेकअप करतो. हे वेगळं काढायला २०१९ मध्ये चीनमधल्या पाच लाख लोकांच्या अभ्यासात एक छान मार्ग वापरला. तिकडे बऱ्याच जणांत जन्मतःच असा जीन असतो की दारू घेतली की चेहरा लाल होतो, मळमळतं, त्यामुळे ते आपोआप कमी पितात, श्रीमंत असो की गरीब. असा जीन असलेले आणि नसलेले असे गट करून बघितल्यावर थोडी पिण्याचा फायदा गायब झाला, दारू वाढेल तसं बीपी आणि स्ट्रोकचा धोका सरळ वाढत गेला. वाद अजून संपलेला नाही हे पण सांगतो, २०२४ च्या शेवटी अमेरिकेतल्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञान संस्थेच्या अहवालात थोडी पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जरा कमी दिसलं, पण त्याच अहवालात ब्रेस्ट कॅन्सर जास्त दिसला. वहिनीला ग्लो सांगणाऱ्याने हे पण सांगायला पाहिजे ना? दारू कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९८८ लाच सांगितलंय, आणि जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट म्हटलं की सुरक्षित म्हणावं असं कुठलंच प्रमाण नाही. एवढं सगळं असताना न पिणाऱ्याने हार्टसाठी सुरू करावी असं कुठला डॉक्टर सांगेल?

दुसरं म्हणजे 'वाइन म्हणजे दारू नव्हे'. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हा पण हे खूप ऐकलं. शेतकऱ्याला भाव मिळावा हे मलाही मनापासून वाटतं पण हिशोब करून बघा. १३ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल. आपल्याकडच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा स्मॉल पेग म्हणजे १० ग्रॅम. म्हणजे मामांचा तो 'औषधाचा' ग्लास दीड पेग झाला. रोज रात्री दीड पेग मार म्हणून कुणी सांगितलं असतं तर मामींनी त्याला उभं केलं नसतं.

आणि गंमत नाही, सरळ नियमाची गोष्ट आहे, एफएसएसएआय म्हणजे आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या नियमांप्रमाणे दारूच्या बाटलीवर आरोग्याचा दावा छापता येत नाही, उलट आरोग्याला हानिकारक हा इशारा छापावाच लागतो. मग जे बाटलीवर छापायला बंदी आहे ते बाटली हातात देताना तोंडाने का सांगायचं? त्या मुलावर माझा राग नाही, त्याला ट्रेनिंगमध्ये जे सांगितलं तेच तो बोलणार. मॅनेजरना निघताना हे बोललो, त्यांनी ऐकून घेतलं, बदल होतो का बघू.

गाडी चालवणाऱ्याबद्दल पण कुणी विचारलं नाही. पाच टेस्ट म्हणजे मिळून जवळजवळ एक ग्लास होतो आणि परत येताना कसारा घाट आहे. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, बारीक चणीच्या माणसाची तेवढ्यात पण ओलांडू शकते. चाखलेली वाइन थुंकायला भांडं मागितलं तर देतात, पण मागावं लागतं. ड्रायव्हरसाठी द्राक्षाचा ज्यूस ठेवला तर किती बरं होईल.

जागा आणि टूरला पाचपैकी साडेचार, खाण्याला दोन, आरोग्याच्या माहितीला शून्य. ज्याला चव आवडते त्याने जरूर जावं, एखादी बाटली आणावी, जेवणाबरोबर मजेत घ्यावी. स्टेंट, बीपी, शुगर, लिव्हरचा त्रास किंवा कुठल्याही रोजच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टिंगच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मामांनी नंतर विचारलं, त्यांच्या डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं, आणि शॉपवाले बॉक्स परत घेत नाहीत हे पण लक्षात ठेवा.