वायर कापून जोडलेला माऊस: अनेक महिन्यांच्या वापरानंतर

सारखा डिस्कनेक्ट होणारा वायरचा माऊस टाकून न देता मी उघडला, वायरचा खराब तुकडा कापून काढला आणि उरलेली वायर पुन्हा जोडली. तेव्हापासून तोच माऊस रोज दिवसभर हाताखाली आहे. निकाल आधीच सांगते: दुरुस्ती टिकली. जोडल्यापासून तो एकदाही कामाच्या मध्ये गेलेला नाही. दोन-तीन कुरबुरी आहेत, त्याही सांगते. पण अशी दुरुस्ती करायला घेणाऱ्याला सर्वांत जास्त उपयोग निदानाचा होईल, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

माझं काम पानांच्या मांडणीचं. चित्र धरून ओढत नेताना माऊस गेला की ते मधेच कुठेतरी पडतं, शेजारचा मजकूर हलतो आणि सगळं आधीसारखं करत बसावं लागतं. या माऊसचा आकार माझ्या हाताला इतका बसला आहे की नुसत्या वायरपायी तो सोडणं माझ्या जिवावर आलं होतं. सेन्सर उत्तम, चाक उत्तम, बटणं ठीक. मग बाकी सगळं चांगलं असताना वस्तू कचऱ्यात का जावी?

लक्षण असं होतं: पॉइंटर थिजायचा, संगणक डिस्कनेक्टचा आवाज करायचा, लगेच कनेक्टचा आवाज यायचा आणि माऊस पुन्हा चालू. तार सुटते क्षणभरच, मग पॉइंटर इतका वेळ का अडकतो? कारण संगणकाच्या लेखी तो माऊस काढून पुन्हा लावलेला असतो. साध्या माऊसमध्ये डेटाच्या एका तारेवर १.५ किलोओहमचा रेझिस्टर (विजेला अडवणारा छोटा भाग) असतो. त्याच्यामुळे त्या तारेवर व्होल्टेज दिसतं आणि संगणकाला कळतं की काहीतरी जोडलेलं आहे. ते व्होल्टेज गेलं की माऊस गेला. परत आलं की ओळखपाळख पहिल्यापासून: तू कोण, तुझा पत्ता काय, कोणता ड्रायव्हर लावायचा. या सगळ्यात एखाद-दोन सेकंद जातात.

हा आवाज म्हणजे निदानातला पहिला धागा. माझ्याकडे दुसरा एक वायरलेस माऊस आहे, तोही मध्यंतरी अडखळत होता, पण त्याच्या वेळी आवाज कधीच यायचा नाही. कारण संगणक बोलतो तो पोर्टमधल्या डोंगलशी, म्हणजे वायरलेस माऊसबरोबर येणाऱ्या छोट्या रिसीव्हरशी, आणि डोंगल तर जागचा हललेलाच नसतो. तुटतो तो डोंगल आणि माऊस यांच्यामधला रेडिओचा दुवा. त्या माऊसचं दुखणं निघालं शेजारच्या पोर्टमधली यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क. असले डोंगल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात आणि यूएसबी ३.० चं सेकंदाला ५ गिगाबिट वेगाचं दळणवळण नेमक्या त्याच पट्ट्यात गोंगाट पसरवतं. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर तांत्रिक टिपण काढलं होतं. उपाय अगदी सोपा आहे: छोटी एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल डिस्कपासून लांब, माऊसच्या जवळ आणायचा. तेवढ्याने माझा वायरलेस माऊस सरळ झाला, उघडायची वेळच आली नाही. वायरलेसवाल्यांनी याखेरीज बॅटरीच्या स्प्रिंगवर पांढरट-हिरवट थर जमलाय का तेही बघावं. माऊस टेबलावर आपटला की बंद पडत असेल, तर संशय तिथेच घ्यायचा.

वायरच्या माऊसकडे परत येते. उघडण्याआधी माऊस दुसऱ्या पोर्टमध्ये आणि शक्यतो दुसऱ्या संगणकावर लावून बघाच. मधला हब (एका पोर्टचे अनेक करणारी डबी) काढून टाका. विंडोज असेल तर वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट झोपवण्याची एक सोय असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिची खूण काढता येते. मात्र या दोन बिघाडांची वेळ वेगळी असते. वीज वाचवण्यामुळे जाणारा माऊस थोडा वेळ स्वस्थ बसल्यानंतर जातो. तुटक्या वायरचा माऊस हलवताना जातो. माझा नेहमी हलवतानाच जायचा, तोही उजवीकडे नेताना जास्त. एवढ्यावरून संशय वायरवर पक्का झाला होता.

बरेच जण सांगतात की माऊसचा दिवा विझला तर पॉवरची तार तुटली आणि दिवा चालू राहिला तर डेटाची. यावर डोळे झाकून विसंबू नका. डेटाची तार सुटली की माऊसला संगणकाकडून काहीच ऐकू येत नाही, मग तो स्वतःच झोपतो आणि दिवा मंद करतो किंवा मालवतो. माझ्या माऊसचा दिवा मंद व्हायचा आणि तुटलेली तार डेटाचीच निघाली.

त्यापेक्षा भरवशाची रीत म्हणजे वायर चाचपणं. माऊस टेबलावर स्थिर ठेवायचा, हात लावायचा नाही. यूएसबीच्या टोकाकडून सुरुवात करून वायर थोडी थोडी वाकवत माऊसकडे यायचं. आवाज आला की थांबायचं. बहुतेक वेळा तो दोनच जागी येतो: यूएसबीच्या डोक्याच्या मानेशी किंवा वायर माऊसमध्ये शिरते तिथल्या रबरी बुचाशी. माझ्याकडे बुचाशी आला. हाताच्या प्रत्येक हालचालीबरोबर वायर तिथे वाकते आणि आतले केसासारखे तांब्याचे धागे एकेक करून तुटत जातात. वरचं प्लास्टिक मात्र शाबूत राहतं, त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही.

उघडताना स्क्रू सापडणं हेच अर्धं काम. ते बहुधा खालच्या घसरपट्ट्यांच्या आत दडलेले असतात, कधी एखादा लेबलखाली. पट्ट्या हेअर ड्रायरने जरा कोमट करून कडेने हळू उचलल्या तर वाकत नाहीत. आत वायर एका छोट्या कनेक्टरमध्ये येते. कनेक्टर धरून काढायचा, तारा ओढायच्या नाहीत. काढण्याआधी फोटो काढून ठेवा. ठरलेल्या रंगांप्रमाणे लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, पांढरी डेटा मायनस, हिरवी डेटा प्लस, आणि पाचवी असलीच तर ती वरच्या जाळीची. पण स्वस्त केबलमध्ये हे रंग पाळलेले असतीलच असं नाही, शिवाय कनेक्टरमधला क्रम माऊसगणिक बदलतो. त्यामुळे रंगापेक्षा मल्टिमीटर, म्हणजे तार अखंड आहे का ते तपासणारं मोजयंत्र, खरा.

मल्टिमीटर बीपवर (तार अखंड असेल तर वाजतो तो) ठेवून एक टोक कनेक्टरच्या पिनला आणि दुसरं यूएसबीच्या पट्टीला लावलं. तिथल्या चार पट्ट्यांपैकी बाहेरच्या दोन पॉवरच्या, आतल्या दोन डेटाच्या. लाल, काळी, हिरवी अखंड वाजत राहिल्या. पांढरीवर बुचाजवळ वायर वाकवली की बीप तुटायचा आणि सरळ केली की परत यायचा. साध्या माऊसमध्ये तो रेझिस्टर याच पांढऱ्या तारेवर असतो, त्यामुळे डिस्कनेक्टच्या आवाजाचाही उलगडा झाला. वरचं आवरण चिरून पांढरी तार दोन चिमटीत धरून ओढली, तर एका जागी ती रबरासारखी ताणली गेली. आत तांबंच उरलं नव्हतं, नुसतं प्लास्टिक ताणलं जात होतं. मल्टिमीटर नसेल त्याने एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी तुटीची जागा सापडेल.

बुचाच्या दोन्ही बाजूंचा भाग मी सढळ हाताने कापला, कारण तुटीच्या आसपासचे धागेही अर्धमेले झालेले असतात. कनेक्टरकडच्या आखूड तारा तशाच ठेवल्या आणि निरोगी वायर त्यांना सोल्डर केली, म्हणजे वितळवलेल्या धातूने जोडली. काही केबलमध्ये धाग्यांवर बारीक लॅकर असतो आणि मध्ये नायलॉनचा दोरा. तो लॅकर खरवडून काढला नाही तर सोल्डर धरतच नाही, नुसता गोळा होऊन बसतो. चारही सांधे एका रेषेत न घेता मागेपुढे घेतले, म्हणजे एकमेकांना टेकण्याचा प्रश्न राहत नाही. हीट श्रिंकची, म्हणजे गरम केल्यावर आकसणारी, नळी सोल्डर करण्याआधी तारेत ओवायची आणि सांधा थंड झाला की त्यावर सरकवून आवळून घ्यायची.

सांधे माऊसच्या पोटातच राहिले पाहिजेत, हे मी मुद्दाम ठासून सांगते. सोल्डर केलेली जागा ताठ होते. ती बाहेर, वाकणाऱ्या भागात आली तर तिच्या काठावर वायर पुन्हा तुटते. बाहेर कापून टेप गुंडाळलेल्या दुरुस्त्या टिकत नाहीत त्या यामुळेच. जुनं रबरी बूच उभं चिरून नव्या जागी चढवलं आणि आतल्या बाजूला वायरवर बारीक केबल टाय आवळला, म्हणजे ओढ बसली तरी ती टायवर येते, सांध्यांवर येत नाही. टाय चाकाला घासत नाही ना, ते बंद करण्याआधी पाहिलं. संगणकाला लावण्याआधी लाल आणि काळी एकमेकींना चिकटलेल्या नाहीत हे मल्टिमीटरने नक्की करा. ही तपासणी चुकवू नका, कारण पलीकडे तुमच्या संगणकाचा पोर्ट आहे.

आता इतक्या महिन्यांनंतरची स्थिती. पहिले काही दिवस डिस्कनेक्टच्या आवाजासाठी कान टवकारलेले असायचे, नंतर ते विसरूनच गेले. मोठी चित्रं ओढते, दिवसभर निवडणं-सरकवणं चालू असतं, सांधे दगा देत नाहीत. वायर थोडी आखूड झाली. टेबलावरच्या संगणकाला पुरते, खाली ठेवलेल्या कॅबिनेटच्या मागच्या पोर्टपर्यंत मात्र ताणली जाते, म्हणून मी पुढचा पोर्ट वापरते. बूच चिरल्यामुळे किंचित सैल बसतं. धूळ आत जाईल असं वाटलं होतं, तसं काही झालेलं नाही. खरी कटकट झाली ती खालच्या पट्ट्यांची. एकदा उचलल्यावर गोंदाची पकड गेली, एक कोपरा वर आला आणि माऊस खरखरत चालू लागला. नव्या चिकटवायच्या पट्ट्या लावल्यावर सरकणं आधीपेक्षाही मऊ झालं. उघडायचंच असेल तर त्या आधीच आणून ठेवा.

एक सवय मात्र बदलली. माऊसपाशी वायरचा सैल वळसा राहील एवढी जागा टेबलावर ठेवते आणि काम संपल्यावर वायर माऊसभोवती घट्ट गुंडाळत नाही. बुचाशी सर्वांत जास्त ताण त्या गुंडाळण्यानेच येतो.

वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात लावू नका, बदलून घ्या. आत लिथियमची बॅटरी असलेला वायरलेस माऊस नवख्याने उघडू नये, बॅटरीला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लागलं तर ती पेट घेऊ शकते. सोल्डरिंग येत नसेल तर कनेक्टरसकट तयार केबल मिळते. ती घेताना पिनांची संख्या, त्यांच्यातलं अंतर आणि तारांचा क्रम आपल्या फोटोशी ताडून बघा. क्रम वेगळा असेल तर सुईच्या टोकाने पिना सोडवून योग्य जागी बसवता येतात.

हल्ली डाव्या बटणावर अधूनमधून एका क्लिकचे दोन होतात. त्याचा वायरशी संबंध नाही, स्विचच्या आतली पातळ पट्टी झिजली की असं होतं. स्विच मागवून ठेवला आहे. तो बदलताना माऊस उघडेनच, तेव्हा चारही सांधे मल्टिमीटरने पुन्हा तपासून घेणार आहे.